कॉलमच्या रिंगेचा हूक किती वाकवायचा, हे कोण ठरवते?

चालू बांधकामावर कॉलमचा सळ्यांचा पिंजरा उभा असतो तेव्हा त्याच्याकडे थांबून पाहणारे फार थोडे. एक-दोन दिवसांत त्याच्याभोवती सेंट्रिंगच्या फळ्या लागतात, काँक्रीट पडते आणि तो इमारतीच्या आयुष्यभरासाठी दृष्टीआड होतो. त्याआधी एकदा जवळ जाऊन पाहा. उभ्या जाड सळ्यांभोवती बारीक सळईच्या चौकोनी रिंगा ठरावीक अंतराने तारेने बांधलेल्या असतात. प्रत्येक रिंग एका कोपऱ्यात पूर्ण होते. तिथे तिची दोन्ही टोके उभ्या सळईला वळसा घालून आतल्या बाजूला, पिंजऱ्याच्या पोटात वळवलेली असतात. निदान तशी असायला हवीत. हे वळण १३५ अंशांचे हवे आणि वळणानंतरचे टोक किमान ६५ मिलिमीटर लांब हवे, असे आयएस १३९२० हे भारतीय मानक सांगते.

काटकोनात, म्हणजे ९० अंशांत वाकवणे कामगाराला सोपे जाते, मग १३५ अंशांचा हट्ट कशाला? भूकंपात कॉलम मागे-पुढे हलतो तेव्हा सळ्यांच्या बाहेरचे काँक्रीटचे आवरण, ज्याला साइटवर कव्हर म्हणतात, ते आधी फुटून गळते. काटकोनात वाकवलेल्या टोकाचा आधार नेमका या कव्हरमध्येच असतो. कव्हर गेले की टोक मोकळे होते, रिंग उघडते आणि तिने आवळून धरलेल्या उभ्या सळ्या बाहेर फुगतात. मग आतले काँक्रीट दाबाखाली चुरडते. १३५ अंशांत आत वळवलेले टोक मात्र पोटातल्या काँक्रीटमध्ये रुतलेले असते. बाहेरचे सगळे गळून पडले तरी ते सुटत नाही. दहा मजली इमारत अशा वेळी ज्या गोष्टींच्या जोरावर उभी राहते, त्यांत करंगळीएवढ्या लांबीचे हे टोक मोजावे लागते. त्याला लागणारे जादा लोखंड जवळजवळ नगण्य असते.

या ६५ आकड्याचाही इतिहास आहे. याच मानकाच्या १९९३ च्या आवृत्तीत टोकाची लांबी सळईच्या व्यासाच्या दहापट आणि किमान ७५ मिलिमीटर होती. ८ मिलिमीटरच्या रिंगेला म्हणजे ८० मिलिमीटर. २०१६ च्या आवृत्तीत ती व्यासाच्या सहापट आणि किमान ६५ मिलिमीटर झाली. ८ मिलिमीटरच्या रिंगेमागे १५ मिलिमीटर कमी झाले. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण बीम आणि कॉलम जिथे भेटतात त्या सांध्यात चारही बाजूंच्या सळ्या, रिंगा आणि त्यांची टोके एवढी दाटी करतात की व्हायब्रेटरची सुई आत शिरत नाही आणि काँक्रीट पोकळ राहते. टोक फार आखूड ठेवले तर रिंग सुटण्याची भीती, फार लांब ठेवले तर काँक्रीट नीट न बसण्याची भीती. असा आकडा ठरवायला प्रयोगशाळेत कॉलम मोडून पाहिलेला माणूस हवा आणि त्या दाटीत काँक्रीट ओतून घेतलेलाही हवा. दोघेही एकाच टेबलाशी हवेत.

मला थक्क करते ते हे टेबल. आपण राहतो त्या प्रत्येक पक्क्या घरामागे, मुले शिकतात त्या शाळेमागे, रोज ओलांडतो त्या पुलामागे अशा काही समित्यांनी ठरवलेले आकडे आहेत. आणि ते ठरवणारी बहुतेक माणसे हे काम आपापली नोकरी, वर्ग आणि सल्लागार कार्यालय सांभाळून मानद स्वरूपात करतात.

समितीत कोण बसते

भारतीय मानक संस्था स्थापन झाली ती जानेवारी १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी. तिचे पहिले मानक, आयएस १, राष्ट्रध्वजाचे होते. झेंड्याच्या कापडापासून सुरू झालेले हे काम पुढे सिमेंट, पोलाद, काँक्रीट, वारा आणि भूकंप इथपर्यंत आले. १९८७ मध्ये संस्थेची जागा भारतीय मानक ब्युरोने घेतली आणि आज हा ब्युरो २०१६ च्या कायद्याखाली चालतो. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विषयांसाठी त्याच्याकडे अनेक विषय-समित्या आहेत. सिमेंट आणि काँक्रीट सीईडी २ कडे, भूकंप अभियांत्रिकी सीईडी ३९ कडे, राष्ट्रीय इमारत संहिता सीईडी ४६ कडे.

समितीची घडण मुद्दाम मिश्र ठेवलेली असते. रुरकीची केंद्रीय भवन संशोधन संस्था, चेन्नईचे संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्र, आयआयटीतले प्राध्यापक, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग, रेल्वे, सिमेंट-पोलादाचे उत्पादक, सल्लागार अभियंते आणि ग्राहकांचे प्रतिनिधी अशी वेगवेगळ्या हितसंबंधांची माणसे एकत्र बसतात. कुठल्याही एका गटाचे पारडे जड होऊ नये, हा यामागचा हेतू. एकट्या उत्पादकांनी मानक लिहिले तर ते विकायला सोयीचे होईल, एकट्या प्राध्यापकांनी लिहिले तर साइटवर पाळता येणार नाही आणि एकट्या ठेकेदारांनी लिहिले तर ते आजच्या सवयींपुढे जाणार नाही. निर्णय शक्यतो सहमतीने होतात. म्हणूनच एकेका कलमाला वर्षे लागू शकतात.

मसुदा तयार झाला की तो समितीबाहेर जातो. ठरावीक मुदतीत देशातल्या कुणालाही त्यावर अभिप्राय पाठवता येतो. हा अभिप्राय कसा द्यायचा याचीही शिस्त आहे. तक्त्यात कलमाचा क्रमांक लिहायचा, अभिप्राय सर्वसाधारण आहे, तांत्रिक आहे की संपादकीय हे नोंदवायचे, त्याचे कारण द्यायचे आणि शेवटच्या रकान्यात त्या कलमाची आपल्या मते योग्य असलेली शब्दरचना लिहायची. ‘हे कलम पटत नाही’ एवढ्यावर काम भागत नाही. पटत नसेल तर त्या जागी काय हवे ते लिहून द्यावे लागते. हा शेवटचा रकाना मला फार मोलाचा वाटतो. तक्रार करणाऱ्याला तो क्षणभर लेखकाच्या जागी बसवतो.

मानक छापून आले की शेवटच्या परिशिष्टात समितीतल्या संस्थांची आणि त्यांच्या प्रतिनिधींची यादी असते. मानक वापरणारे हजारो अभियंते त्या पानापर्यंत क्वचितच जातात. पण या कामाचा मोबदला म्हणून जे काही मिळते, त्यात ते पान येते.

कोयनेने टेबलावर ठेवलेला पुरावा

समितीला माणसे लागतात आणि माणसांना पुरावा लागतो. महाराष्ट्राने दिलेला एक पुरावा आज जगभर वापरला जातो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. ६.३ तीव्रतेच्या या भूकंपाने पावणेदोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. तोपर्यंत दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त समजले जात असे. भूकंपाचे मानक, आयएस १८९३, पहिल्यांदा १९६२ मध्ये आले आणि १९६६ मध्ये सुधारले गेले. त्यातल्या नकाशात शून्यापासून सहापर्यंत सात विभाग होते. शून्य विभाग म्हणजे भूकंपाचा विचार करायलाच नको असा भाग. १९७० च्या सुधारणेत शून्य विभाग काढून टाकला आणि एक ते पाच असे पाचच विभाग उरले. देशाचा कुठलाही तुकडा भूकंपापासून पूर्णपणे मुक्त धरायचा नाही, ही भूमिका तेव्हापासून मानकात आली.

आता धरणाकडे येऊ. काही वर्षांपूर्वीच बांधून झालेले १०३ मीटर उंचीचे कोयना धरण भूकंपात उभे राहिले, पण त्याला तडे गेले. हे तडे कुठे गेले ते पाहण्यासारखे आहे. धरणाची पाण्याकडची बाजू जवळजवळ सरळ, तर मागची बाजू तिरकी आहे. माथ्यापासून साधारण ३६ मीटर खाली मागच्या बाजूचा उतार अचानक बदलतो आणि धरण जाड होऊ लागते. बऱ्याच ठिकाणी तडे याच कोपऱ्याच्या आसपास आडवे गेले. धरणाची रचना करताना भूकंपाचे बळ सगळ्या उंचीवर सारखे, धरणाच्या वजनाच्या ५ टक्के इतके धरले होते. त्या काळातली ती सर्वमान्य पद्धत होती. प्रत्यक्षात धरणातल्याच बोगद्यात बसवलेल्या कंपनमापकाने प्रवाहाच्या दिशेचा जो धक्का टिपला, त्याचे शिखर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे निम्मे होते. रचनेत धरलेले स्थिर बळ आणि यंत्राने क्षणभर टिपलेले शिखर यांची थेट वजाबाकी करता येत नाही, हे खरे. पण तड्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. धरण सगळे एकसारखे हलत नाही. पायथा जमिनीबरोबर हलतो, माथा मात्र त्याच्या कितीतरी जास्त झोके घेतो आणि ताण मधल्या कोपऱ्यात साचतो.

हा पुरावा अभ्यासकांनी उचलला. अमेरिकेत बर्कलीला प्राध्यापक असलेल्या अनिल चोप्रा यांनी सहकाऱ्याबरोबर कोयनेची नोंद घेऊन धरणाचे गणित नव्याने मांडले. धरणाच्या मागच्या बाजूला टेकू बांधून ते मजबूत करण्यात आले. मानकही बदलले. १९८४ च्या आवृत्तीत १०० मीटरपर्यंतच्या धरणांसाठी भूकंपाचे बळ माथ्यावर मूळ गुणांकाच्या दीडपट धरून पायथ्यापर्यंत शून्यावर आणायचे आणि त्याहून उंच धरणांसाठी गतिशील विश्लेषण करायचे, असे सांगितले गेले. काँक्रीटला तडे कसे जातात हे दाखवणारी नवी गणिती पद्धत किंवा संगणक प्रणाली जगात कुठेही तयार झाली, की ती पहिल्यांदा ज्या उदाहरणांवर पारखतात त्यांत कोयना धरण असतेच. साताऱ्याच्या डोंगरातला एका पहाटेचा धक्का आज टोकियो, लोझान आणि बर्कलीतल्या संशोधकांच्या गणितात आहे.

हे घडले कारण धरणात यंत्र बसवणारे कुणीतरी होते, नोंद वाचणारे कुणीतरी होते आणि त्या नोंदीचे कलमात रूपांतर करणारेही कुणीतरी होते. तिघांपैकी एक जरी नसता तर तडे बुजवले गेले असते आणि विषय तिथेच संपला असता. आजही पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची कराडची प्रयोगशाळा कोयना परिसरात खोल विवरे घेऊन खडक अभ्यासते आहे. त्यांतले एक विवर ३ किलोमीटर खोल गेले आहे. तिथून निघणारे ज्ञान उद्याच्या मानकात यायचे तर ते समजणारा माणूस समितीत असावा लागेल.

किल्लारी: नकाशाने सांगितले नाही ते

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, लातूर आणि धाराशिवच्या सीमेवरची गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या वेळच्या नकाशावर किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. २००२ च्या आवृत्तीत हा पहिला विभाग रद्द होऊन दुसऱ्यात मिळवला गेला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला.

पण किल्लारीचा धडा केवळ नकाशाचा नव्हता. तिथली घरे जाडजूड दगडी भिंतींची आणि माळवदाची होती. भिंत जेवढी जाड तेवढी भक्कम, हा पिढ्यांचा विश्वास होता आणि उन्हाळ्यात अशी घरे थंडही राहत. पण अशी भिंत खरे तर दोन भिंतींची असते. बाहेरच्या बाजूला एक दगडी थर, आतल्या बाजूला दुसरा आणि मध्ये दगडगोटे व माती. दोन्ही थरांना बांधणारे काही नसेल तर हादऱ्याने ते एकमेकांपासून सुटतात. बाहेरचा थर बाहेर कोसळतो, आतला आत, आणि वरचे माळवदाचे मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर येते.

यावरचा उपाय एक लांब दगड आहे. भिंतीच्या पूर्ण जाडीएवढा, आतून बाहेरपर्यंत आरपार जाणारा. कमी बळाच्या बांधकामासाठी १९९३ मध्येच निघालेल्या आयएस १३८२८ मध्ये असे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर बसवायला सांगितले आहेत. भिंतीची जाडी ४५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये, असेही सांगितले आहे. एवढा लांब दगड मिळाला नाही तर त्या जागी इतर बंध वापरायची मुभा आहे. काँक्रीट नको, क्रेन नको. योग्य जागी योग्य दगड हवा.

असे मानक लिहायला कुठल्या प्रकारचा तज्ज्ञ लागतो, याचा विचार केला की माझे मन भरून येते. उंच इमारतींचे गणित करणारे पुष्कळ मिळतील. पण मातीत बसवलेल्या दगडी भिंतीला संशोधनाचा विषय मानणारा, गवंड्याच्या हाताला काय जमते आणि शेतकऱ्याच्या खिशाला काय परवडते हे जाणणारा माणूस विरळा. रुरकीचे प्रा. आनंद आर्य तसे होते. भूकंप समितीचे अध्यक्षपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले आणि गरिबाच्या घराची सुरक्षितता हा आपल्या अभ्यासाचा गाभा मानला. असा एक माणूस समितीत असला की ज्यांच्या घराचा नकाशा कुणी अभियंता कधी काढत नाही, अशा लक्षावधी माणसांसाठी कुठेतरी एक कलम लिहिले जाते.

भूज: कामाचा वेळ कुणी दिला

२६ जानेवारी २००१ ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी भूजजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत कितीतरी बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींची जात एकच होती. तळमजल्यावर गाड्या ठेवायला नुसते कॉलम आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. वरचे मजले भिंतींमुळे ताठ राहतात आणि सगळी हालचाल तळमजल्याच्या उघड्या कॉलमांवर येते. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, कुठल्याही शहरात फिरलात तर अशा इमारती दिसतील. २०१६ च्या आवृत्तीच्या नकाशात मुंबई आणि पुणे दोन्ही तिसऱ्या विभागात होते.

२००२ च्या मानकाने सांगितले की अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम आणि बीम नेहमीच्या गणितापेक्षा अडीचपट बळासाठी करा, किंवा भिंतींचा पर्याय वापरा. पुढे अनुभव आणि अभ्यास वाढला. नुसते कॉलम-बीम जाड करण्यापेक्षा तळापासून काँक्रीटच्या भिंती किंवा तिरकस आधार देऊन तो मजला ताठ करावा, यावर २०१६ च्या आवृत्तीने भर दिला. दीड दशकात एक कलम असे परिपक्व झाले.

या काळातली एक गोष्ट तज्ज्ञ मिळवण्याच्या दृष्टीने मोलाची आहे. भूजनंतर गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने कानपूरच्या आयआयटीला इमारत-मानकांच्या फेरविचाराचा प्रकल्प दिला. प्रा. सुधीर जैन यांच्या पुढाकाराने झालेल्या या कामात मानकांचे सुधारित मसुदे तयार झाले आणि बरोबर प्रत्येक कलम असे का आहे हे समजावणारे भाष्यही लिहिले गेले. समितीची बैठक वर्षातून मोजक्या वेळा होते. तिथे मसुद्यावर चर्चा होऊ शकते, कोऱ्या कागदावर मसुदा लिहिला जाणे अवघड. त्याआधी महिनोन्‌महिने बसून जुने कलम, नवे प्रयोग आणि इतर देशांची मानके ताडून पाहणारे कुणीतरी लागते. इथे एका राज्याने त्या वेळेची किंमत मोजली आणि त्याचा लाभ सगळ्या देशाला झाला.

खारा वारा आणि लवचीक पोलाद

दरवेळी भूकंपच व्हावा लागतो असे नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाची १९७८ ची आवृत्ती आणि २००० ची आवृत्ती शेजारी ठेवा. १९७८ मध्ये सळ्यांच्या काँक्रीटला एम १५ दर्जाही (आकडा जितका मोठा, तितके काँक्रीट मजबूत) चालत असे. २००० मध्ये अगदी सौम्य हवामानालाही किमान एम २० आला आणि किनाऱ्यासाठी पायऱ्या ठरल्या. किनारी भागात पण खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्या काँक्रीटला एम २५ आणि ३० मिलिमीटर कव्हर, उघड्या किनारी हवेत एम ३० आणि ४५ मिलिमीटर, समुद्राचे तुषार उडतात तिथे एम ३५ आणि ५० मिलिमीटर. मालवणच्या खाडीकाठची शाळा आणि पणजीचे कार्यालय आता कोल्हापूरच्या घरासारखे बांधता येत नाही. गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागते आणि कव्हर आतून फोडते. हे कलमात आणायला बलाबलाचे गणित करणाऱ्याच्या शेजारी रसायन जाणणारा बसावा लागला.

पोलादाचेही तसेच. भूकंपात सळई तुटण्याआधी ताणली जायला हवी, म्हणजे इमारत इशारा देत वाकते, एकदम मोडत नाही. आयएस १७८६ च्या २००८ च्या आवृत्तीत ‘डी’ अक्षराचे नवे दर्जे आले. साध्या एफई ५०० सळईने तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के ताणले जावे, ही अट. एफई ५०० डी साठी तीच अट १६ टक्क्यांची. अशी अट घालायची तर भूकंपाच्या अभ्यासकाबरोबर कारखान्यात ती सळई रोज ओढून काढणारा धातुतज्ज्ञही हवा. मागणी आणि शक्यता यांची गाठ तिथेच पडते. आज खेड्यातल्या लोखंडाच्या दुकानातही गिऱ्हाईक ‘डी’ची सळई मागते. समितीतल्या एका संभाषणाचा एवढा दूरवर पोचलेला परिणाम क्वचितच पाहायला मिळतो.

जग माणसे कशी शोधते

युरोपातल्या देशांनी इमारती आणि पुलांसाठी मिळून युरोकोड लिहिले. पहिल्या पिढीचे ५८ भाग होते. २०१२ मध्ये युरोपीय आयोगाने दुसऱ्या पिढीचे काम सोपवले, तेव्हा ते लहान-लहान तुकड्यांत विभागले गेले आणि प्रत्येक तुकड्यासाठी जाहीर आवाहन करून तज्ज्ञांचे अर्ज मागवले गेले. निवडलेल्या छोट्या गटांना मसुदा लिहायला थोडेफार मानधनही ठेवले. वापरायला सुलभ भाषा हे त्यांनी उद्दिष्टच मानले. त्यामुळे रोज हे मानक उघडून बसणारा सल्लागार अभियंता त्यांना विद्वानाइतकाच हवा होता.

अमेरिकेत इमारतींवरच्या भारांचे एएससीई ७ हे मानक अलीकडे सहा वर्षांच्या फेऱ्यांत सुधारले जाते आणि नव्या फेरीच्या समितीसाठी अर्ज मागवले जातात. २०११ मध्ये जॉप्लिन शहरावर आलेल्या टोर्नेडो वादळाने दीडशेहून अधिक बळी घेतले. त्याच्या सखोल तपासणीनंतर २०२२ च्या आवृत्तीत अशा वादळाच्या भारासाठी पहिल्यांदाच स्वतंत्र प्रकरण आले. त्यासाठी हवामानाचे आणि वाऱ्याचे अभ्यासक रचनाकारांच्या समितीत आणावे लागले. तिथल्या काँक्रीटच्या एसीआय ३१८ समितीच्या बैठकांना बाहेरचा माणूसही बसू शकतो आणि मसुद्यावर आलेल्या जाहीर अभिप्रायांना समिती उत्तर देते.

पद्धती वेगळ्या, पण गरज एकच. शहाणपण एका जागी नसते. कुणी ते खडकात शोधते, कुणी प्रयोगशाळेत, कुणी कारखान्यात, कुणी पाचव्या मजल्यावरच्या सेंट्रिंगवर. मानक चांगले व्हायचे तर हे सगळे बोलावून आणावे लागते आणि बोलावल्यावर त्यांना येता येईल अशी व्यवस्था करावी लागते.

आपल्याकडून काय व्हावे

मानक हे आपोआप कायदा होत नाही. बांधकाम नियमावलीत त्याचा हवाला आला की त्याला धार येते. महाराष्ट्रात मुंबईसारखे अपवाद सोडता लागू असलेली २०२० ची एकत्रिकृत नियमावली संरचनेसाठी राष्ट्रीय इमारत संहितेकडे बोट दाखवते. म्हणजे दिल्लीतल्या समितीत ठरलेला आकडा जालन्यातल्या दुमजली घरापर्यंत पोचतो. मग जालन्यातला अनुभव दिल्लीतल्या समितीपर्यंत का पोचू नये?

वाट खुली आहे. भारतीय मानके आता ब्युरोकडून मोफत उतरवून घेता येतात. अभिप्रायासाठीचे मसुदेही तिथेच दिसतात. प्रत्येक मानकाचा पाच वर्षांतून एकदा तरी फेरविचार व्हावा, असा नियम आहे, त्यामुळे संधी वारंवार येते. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी एक मसुदा घेऊन त्यावर तक्त्यात अभिप्राय पाठवला, तर त्यांचे वर्षभराचे शिक्षण त्या एका कामात पारखले जाईल. सल्लागार कार्यालयातल्या अभियंत्याला कुठले कलम दोन अर्थांनी वाचता येते, हे पक्के ठाऊक असते. ते त्याने लिहून पाठवावे. साइट इंजिनिअरला कुठली सळई कुठल्या सांध्यात बसत नाही हे माहीत असते. ते मोजमापासह आणि छायाचित्रासह लिहावे. कुठल्याही ग्रंथालयात न सापडणारी ही माहिती आहे.

आणि संस्थांसाठी एक आग्रहाची मागणी. प्राध्यापकाच्या बढतीत शोधनिबंध मोजले जातात, तसे मानकाच्या मसुद्यावर दिलेले महिनेही मोजले जावेत. शोधनिबंध काही शे जण वाचतात, कलमाखाली कोट्यवधी माणसे झोपतात. खासगी कंपन्यांनी आपल्या अनुभवी अभियंत्याला समितीच्या बैठकीला जाण्यासाठी भरपगारी वेळ द्यावा आणि त्याच्याबरोबर एक तरुण पाठवावा, म्हणजे पुढच्या फेरीला तो तयार असेल. कोयना आणि किल्लारी सोसलेल्या राज्याने तर या कामासाठी माणूस देण्यात सगळ्यांच्या पुढे असावे. त्या दोन पहाटांनी शिकवलेले आपल्याइतके जवळून कुणी पाहिलेले नाही आणि ते कलमात उतरवण्याचे काम अजून पुष्कळ बाकी आहे.